प्रस्तावना : हृदयातला छेद आणि दीड महिन्याचा डोस

हिंगणा तालुक्याला दवाखाने कमी आहेत, असं कुणी म्हणू शकणार नाही. नागपूरहून हिंगणा रोडने निघालं की एमआयडीसीच्या कारखान्यांना लागूनच डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर हॉस्पिटल दिसतं, पुढे वानाडोंगरीला शालिनीताई मेघे हॉस्पिटल. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत येऊन पोचली आहे. नागपुरात मेडिकल आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो, डागा, आणि मिहानमध्ये एम्स. एवढं सगळं तासाभराच्या अंतरात असताना हृदयात छेद असलेलं लेकरू हृदयतज्ज्ञापुढे पहिल्यांदा येतं ते कधी? पुष्कळदा ते दीड-दोन वर्षांचं झालेलं असतं. तीनदा न्यूमोनिया होऊन गेलेला असतो, वजन सहा-सात किलोवर अडकलेलं असतं, आणि आईच्या पिशवीत चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात. त्यातल्या एकीवरही ‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हा शब्द नसतो. असं लेकरू पाहिलं नाही असा बालरोगतज्ज्ञ विदर्भात सापडणार नाही.

ही पुस्तिका त्या दीड-दोन वर्षांबद्दल आहे. ती आशाताईंसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी, एएनएमसाठी आणि अर्थात आईबापांसाठी लिहिली आहे. प्रस्तावना लिहायला सांगितल्यावर मी सगळी पानं वाचली. शस्त्रक्रियेचं प्रकरण चांगलं आहे, चित्रं स्पष्ट आहेत. तरी माझ्या मते या विषयाचा जीव शस्त्रक्रियेत नाही. छेद बुजवणं आता नागपुरात, मुंबईत, रायपूरला रोजचं काम झालं आहे. अडतं ते त्याच्या आधी. बाळाला काहीतरी होतंय हे आईच्या लक्षात येतं, आणि कुणीतरी ‘इको करून घ्या’ म्हणतं, या दोन गोष्टींच्या मधे महिने जातात. म्हणून ही प्रस्तावना त्या मधल्या काळाविषयी जास्त आणि ऑपरेशनविषयी कमी आहे.

आधी आकडे. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. देशभरात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच काहीतरी उपाय करावा लागतो. लाखाच्या आकड्याने कुणाला काही वाटत नाही, म्हणून तो गावात आणून पाहू. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार वस्तीमागे एक, असा नियम आहे. त्या हद्दीत वर्षाला साडेचारशे-पाचशे बाळंतपणं धरली तर त्यातली चार बाळं हृदयदोषाची, आणि त्या चारांतलं एक घाईचं. एका केंद्राला वर्षातून एक बाळ वेळेवर ओळखायचं आहे. काम एवढंच आहे, आणि अवघड आहे तेही यामुळेच. वर्षातून एकदाच दिसणारी गोष्ट डोळ्यांना सवयीची होत नाही.

हृदयाचे चार कप्पे आपण सगळ्यांनीच शाळेत काढले आहेत. वर दोन, खाली दोन, मधे उभी भिंत. उजवी बाजू अंगभर फिरून आलेलं रक्त फुफ्फुसांकडे पाठवते आणि डावी बाजू फुफ्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेलं रक्त सगळ्या शरीराला देते. ही भिंत गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत बांधून होते. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं, नाव नोंदवणं तर दूरच. वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक राहिलं तर डॉक्टर त्याला एएसडी म्हणतात, खालच्या दोन कप्प्यांमधल्याला व्हीएसडी. गर्भात उघडी असणारी आणि जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी अशी एक नळी मिटली नाही तर ती पीडीए. या तिघांत व्हीएसडी सगळ्यात जास्त आढळतो.

का होतं, हा प्रश्न पहिला येतो आणि तो आईच्या दिशेने येतो. ग्रहणात विळी धरली होती का, पपई खाल्ली होती का, दगदग केली का. सासूने विचारलं नाही तरी आई स्वतःला विचारते. ग्रहणाचा आणि छेदाचा काही संबंध नाही. बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडतच नाही. जिथे सापडतं तिथे ते गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला असतो, ताब्यात नसलेला मधुमेह असतो, काही औषधं असतात, डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असतो किंवा जवळच्या नात्यातलं लग्न असतं. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे हौसेने होतं, म्हणून हे शेवटचं कारण इथे मुद्दाम लिहिलं. रुबेलाला मात्र लस आहे. 2018 च्या नोव्हेंबरात राज्यभर शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा अफवांमुळे काही पालकांनी मुलं घरी ठेवली होती. त्या लसीचा उद्देश उद्याच्या आयांच्या पोटातली बाळं वाचवणं हाही होता, हे तेव्हा नीट सांगितलं गेलं नाही.

आता या विषयातली कळीची गोष्ट. हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब उजव्या बाजूच्या चार-पाच पट असतो. मधल्या भिंतीला भोक असेल तर, बांध फुटला की वरच्या वावरातलं पाणी खालच्या वावरात उतरतं तसं, डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे उतरतं आणि पुन्हा फुफ्फुसांकडेच जातं. फुफ्फुसांत रक्ताची गर्दी होते, हृदयाला तेच काम दोनदा करावं लागतं आणि अंगाला मात्र कमी पोचतं. पण जन्मल्याबरोबर हे होत नाही. पोटात असताना बाळ फुफ्फुसांनी श्वास घेत नसतं, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि उजव्या बाजूचा दाबही चढा असतो. दोन्हीकडे दाब जवळपास सारखा, म्हणून भोक असूनही गळती नाही, आणि गळती नाही म्हणून स्टेथोस्कोपला आवाजही नाही. तिसऱ्या दिवशी सुटी देताना डॉक्टरांनी ‘बाळ छान आहे’ म्हटलं, ते त्या दिवसापुरतं खरंच असतं. पुढच्या चार-सहा आठवड्यांत फुफ्फुसांच्या वाहिन्या सैल होत जातात, उजवीकडचा दाब उतरतो आणि गळती सुरू होते. मोठ्या व्हीएसडीचं बाळ साधारण सव्वा महिन्याच्या सुमारास दमायला लागतं.

सव्वा महिन्याच्या सुमाराला आपल्याकडे काय चाललेलं असतं ते आठवून पाहा. पहिलं बाळंतपण असेल तर सून माहेरी असते. तिची नोंद सासरच्या गावी, बाळाचा जन्म नागपूरच्या दवाखान्यात आणि मुक्काम तिसऱ्याच तालुक्यात. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सिद्ध केली आणि मग ती देशाने उचलली. तिने असंख्य बाळं वाचवली. पण बेचाळिसाव्या दिवशी भेटी संपतात. त्यानंतरची भेट बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. नवजात बाळ मरतं ते पहिल्या महिन्यात, म्हणून भेटींचं वेळापत्रक तसं आखलं आणि ते बरोबरच होतं. व्हीएसडीचं बाळ मात्र नेमकं या फटीत आजारी पडायला लागतं.

या फटीत आरोग्यखात्याचा एकच माणूस त्या बाळाला हमखास भेटतो, तो म्हणजे टोचणारी सिस्टर. दीड महिन्याचा डोस, अडीच महिन्यांचा, साडेतीन महिन्यांचा. बाई माहेरी असो की सासरी, एमआयडीसीच्या चाळीत असो की वीटभट्टीवर, डोस ती चुकवत नाही, निदान पहिला तरी नाही. त्या दिवशी अंगणवाडीत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: रांग, रडारड, कार्डावर सही, तापाची गोळी, पुढची तारीख. त्या गर्दीत दोन गोष्टी करता येतात. बाळाचं वजन जन्माच्या वजनाशी ताडून पाहणं आणि टोचायच्या आधी, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज वीस ते तीस ग्रॅम वाढायला हवं. म्हणजे दीड महिन्यात पाऊण-एक किलोची भर दिसली पाहिजे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर ते जलद आहेत. ही मोजणी सिस्टरला आणि आशाताईंना न्यूमोनियासाठी शिकवलेलीच आहे. नवं काही शिकायचं नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: ताप नाही, खोकला नाही, तरी बाळ धापतंय आणि वजन हलत नाही, तर ते हृदय असू शकतं.

आई या सगळ्याच्या आधीपासून सांगत असते. तिचे शब्द साधे असतात. ‘दोन घोट पिते आणि सोडून देते, थोडं थांबून पुन्हा मागते.’ ‘पिता पिता झोपते आणि दहा मिनिटांत उपाशी उठते.’ ‘दूध ओढताना कपाळावर घाम येतो.’ ‘छातीत घरघर होते, पोट उडतं.’ पुस्तकातली हृदयाच्या थकव्याची लक्षणं ती याच क्रमाने सांगत असते. दूध ओढणं ही तान्ह्या बाळाची सगळ्यात मोठी मेहनत आहे. मोठा माणूस जिना चढताना दमतो, तसं बाळ छातीशी दमतं. त्यावर तिला काय उत्तर मिळतं? तुझं दूध पातळ आहे. पावडरचं चालू कर. नजर लागली आहे, मीठ-मोहरी ओवाळ. घामाचं तर नागपुरात काही विचारूच नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की अख्खं घर निथळत असतं, तिथे बाळाच्या कपाळाकडे कोण पाहणार? म्हणून पाहायचं ते असं: अंग कोरडं आणि पिताना तेवढं कपाळ ओलं, किंवा डिसेंबरच्या थंडीतही पिताना घाम.

निळ्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात छेदाबरोबर फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते किंवा मोठ्या वाहिन्या उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे अशुद्ध रक्त थेट अंगात मिसळतं. मार्सेच्या एत्येन-लुई फॅलो या डॉक्टरांनी 1888 मध्ये ज्या चार दोषांचा एकत्र अभ्यास मांडला त्याला आजही त्यांचंच नाव आहे. ही मुलं चालता चालता उकिडवी बसतात, कारण तसं बसल्याने त्यांना बरं वाटतं. रडताना अचानक काळीनिळी पडली तर बाळाचे गुडघे पोटाशी दाबून धरा आणि तसंच दवाखाना गाठा. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत निळेपणा ओठांवर लवकर दिसत नाही, जीभ पाहावी लागते. कोरोनात घराघरांत नाव पोचलेलं ऑक्सिमीटर, नवजात बाळासाठीच्या पट्टीचं, इथे फार उपयोगी आहे. जन्मानंतर चोवीस तास झाल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला लावून 95 च्या खाली आकडा आला तर घरी सोडायचं नाही. बाळंतपण होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ही तपासणी व्हायला हवी. मात्र साध्या व्हीएसडीच्या बाळाचा आकडा व्यवस्थित येतो, म्हणून ऑक्सिमीटर चांगला निघाला तरी श्वास मोजणं सुटत नाही. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचंही तसंच. मोठे दोष तिच्यात दिसू शकतात, पण मधल्या भिंतीतलं लहान भोक सहज निसटतं.

इथे लेखकांशी माझा थोडा मतभेद आहे. त्यांनी ‘छातीत आवाज’ या गोष्टीला बरीच पानं दिली आहेत, आणि मला भीती आहे की ती वाचून पालक घाबरतील. छातीत आवाज म्हणजे छेद असं समीकरण नाही. निरोगी मुलांतही आवाज ऐकू येतो आणि वयाबरोबर जातो. आपल्या भागात तर आणखी एक कारण आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे, आणि ज्या मुलाचं रक्त कायम कमी असतं त्याच्या हृदयातून रक्त जोरात वाहतं, त्याचाही आवाज येतो. उलट, आवाज मोठा म्हणजे भोक मोठं असंही नाही. आंरी रोजे या फ्रेंच डॉक्टरांनी 1879 मध्येच लिहून ठेवलं आहे की लहानशा छेदाचा आवाज मोठा असतो आणि माणूस धडधाकट असतो. स्नायूंच्या भागातले लहान छेद बहुतेक वेळा आपोआप बुजतात, त्यांना वाट पाहणं हेच औषध. इकोच्या कागदावर ‘पीएफओ’ लिहिलेलं पाहून हातपाय गळालेले बाप मी पाहिले आहेत. पीएफओ म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधली गर्भातली खिडकी; ती चारांतल्या एका मोठ्या माणसातही उघडीच असते. कागदावरचं नाव वाचून रात्र जागवू नका. भोक केवढं आहे, कुठे आहे, फुफ्फुसांवर दाब किती आहे आणि बाळ वाढतंय का, हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारा.

सिकलसेलचा मुद्दा इथे संपत नाही. ज्या मुलाला एसएस प्रकारचा सिकलसेल आहे त्याच्यासाठी हृदयाचं ऑपरेशन जास्त जोखमीचं असतं. हृदय-फुफ्फुसाच्या यंत्रावर घेताना शरीर थंड केलं किंवा प्राणवायू कमी पडला तर त्याच्या लालपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. आधी माहीत असेल तर रक्त बदलून, तापमान सांभाळून ऑपरेशन होतं. विदर्भातून मुंबईला किंवा दुसऱ्या राज्यात ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदांत सिकलसेलचा रिपोर्ट असलाच पाहिजे, तिथल्यांना ही शंका सहज येत नाही.

एएसडी हा छेदांच्या कुटुंबातला सगळ्यात गुपचूप भाऊ. वरच्या कप्प्यांतला दाब मुळात कमी, त्यामुळे गळती संथ. मूल खेळतं, शाळेत जातं, जरा किडकिडीत असतं एवढंच. मुलींत तो मुलांच्या दुप्पट आढळतो, आणि कित्येक बायांना तो तिशीत, दुसऱ्या बाळंतपणानंतर धाप लागते म्हणून कळतो.

उशीर झाला की काय होतं हे सांगायला मला आकडेवारीपेक्षा एक नाव पुरेसं वाटतं. मधुबाला. 1954 मध्ये मद्रासला ‘बहुत दिन हुए’च्या चित्रीकरणात तिला रक्ताची उलटी झाली आणि हृदयात छेद असल्याचं कळलं. ती एकवीस वर्षांची होती. त्याच वर्षी, 26 मार्चला, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी जगात पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाचा व्हीएसडी उघड्या हृदयावर टाके घालून बंद केला. हृदय-फुफ्फुसाचं भरवशाचं यंत्र तेव्हा नव्हतं; बाळाच्या बापाला शेजारी झोपवून त्याच्या शरीरातून रक्ताभिसरण चालवलं. ते बाळ अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं, तरी लिलेहाय थांबले नाहीत. त्या पद्धतीने त्यांनी 45 ऑपरेशनं केली आणि 28 मुलं घरी गेली. एएसडी त्याआधीच, 1952 आणि 1953 मध्ये, एकदा शरीर थंड करून आणि एकदा गिबन या शल्यविशारदाच्या हृदय-फुफ्फुस यंत्रावर बंद झाला होता. म्हणजे मधुबालेचा आजार कळला तेव्हा त्यावरचा उपाय जगात नुकताच जन्मला होता. ‘मुघल-ए-आझम’च्या वर्षी तिला लंडनला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला, दोन वर्षं मिळतील म्हणाले. ती मुंबईत नऊ वर्षं जगली, बरीचशी अंथरुणावर, आणि 23 फेब्रुवारी 1969 ला छत्तिसाव्या वाढदिवसानंतर नऊ दिवसांनी गेली.

नकार का दिला असावा, हे तिच्या आजाराच्या वर्णनांवरून कळतं. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त झेलून फुफ्फुसांच्या वाहिन्या जाड आणि कडक होतात. उजवीकडचा दाब चढत चढत डावीकडच्याला गाठतो आणि मग रक्त उलटं, अशुद्ध बाजूकडून शुद्ध बाजूकडे वाहू लागतं. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 1897 मध्ये असाच एक बत्तीस वर्षांचा रुग्ण नोंदवला, तोही शेवटी रक्त ओकून गेला. ही अवस्था आली की भोक बुजवता येत नाही, बुजवलं तर हृदयाची सुटकेची वाट बंद होऊन माणूस दगावतो. मोठ्या व्हीएसडीत ही वाटचाल पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकते आणि डाऊन सिंड्रोमच्या बाळांत आणखी लवकर. म्हणून डॉक्टर मोठ्या व्हीएसडीला तीन ते सहा महिन्यांची, फार तर वर्षाची मुदत देतात. ‘वजन दहा किलो होऊ द्या, मग बघू’ हा सल्ला जुना झाला. ज्या भोकामुळे वजन वाढत नाही, ते बुजवायला वजन वाढण्याची वाट पाहणं कुणाच्याच हिताचं नाही.

उपचारांचा तपशील पुस्तिकेत आहे, मी थोडक्यात सांगतो. ऑपरेशनपर्यंत बाळाला सावरायला लघवीतून पाणी काढणारी आणि हृदयावरचा ताण कमी करणारी औषधं देतात. दूध थोडंथोडं, वारंवार. वरचं अन्न सुरू झालं असेल तर त्यात तेल-तूप, कारण पोटाला जागा कमी आणि खर्च जास्त. लसी थांबवायच्या नाहीत. ‘हृदयाचं बाळ आहे’ म्हणून डोस टाळणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावं. मोठा व्हीएसडी उघड्या ऑपरेशनने, हृदयाच्याच आवरणाचा किंवा कृत्रिम कापडाचा तुकडा शिवून बंद करतात. चांगल्या केंद्रांत त्याची जोखीम शंभरात एक-दोन. एएसडीला कडा पुरेशा असतील आणि पीडीए योग्य आकाराचा असेल तर मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्री बसवता येते. छातीवर चिरा नाही, दोन दिवसांत घरी. हृदयाच्या छत्रीची तार अशा मिश्रधातूची असते की नळीत ती दबून राहते आणि बाहेर आली की आपला आकार घेते. सगळ्याच छेदांना छत्री बसत नाही. डॉक्टर ऑपरेशनच म्हणत असतील तर छत्रीच्या शोधात महिने घालवू नका.

पैशांचं बोलायलाच हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा 6 फेब्रुवारी 2013 ला महाराष्ट्रातच, पालघरमध्ये सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. पथकाने पाठवलेल्या मुलाची तपासणी आणि ऑपरेशन मोफत होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार आहेत, आणि ती आता शिधापत्रिकेच्या रंगावर अडत नाही. एमआयडीसीत काम करणाऱ्या मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या कुटुंबांकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथेही चालतं. नया रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे, तिथे बिलाची खिडकीच नाही. तिथे मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं फुकट होतात आणि विदर्भातले आईबाप हावड्याच्या गाडीने तिथे जातात. हिंगण्याला लागूनही एक रायपूर आहे, त्यामुळे ‘रायपूरला जा’ म्हणताना कोणतं ते नीट सांगा, एवढी माझी सेविकांना विनंती. कागदांपैकी सगळ्यात जास्त अडतो तो जन्मदाखला. बारसं झालं नाही, नाव ठरलं नाही म्हणून तो काढलेला नसतो. नावाशिवायही जन्माची नोंद होते, ती करून ठेवा.

आणि ऑपरेशन राहून जायला पैसा हे एकच कारण नाही. दिल्लीच्या एम्समध्ये ज्या मुलांना ऑपरेशन सांगितलं होतं त्यांच्या पालकांची पाहणी झाली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांपैकी सुमारे 70 टक्क्यांचं ऑपरेशन झालं, मुलींपैकी 44 टक्क्यांचं. आपला विदर्भ यात वेगळा असेल असं मानायला मला आधार नाही. ‘छातीवर व्रण राहील, लग्न कसं जमेल’ हा प्रश्न मुलीच्याच बापाला पडतो. व्रण राहतो, पुढे पुसट होतो. न बुजवलेला मोठा छेद मात्र तिचं बाळंतपण जिवावरचं करतो. वेळेवर बुजवला तर ती शाळेत धावते, नोकरी करते, आई होते. स्थळ पाहायला आलेल्यांना हेच सांगायचं.

ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलू नका. दात स्वच्छ ठेवा, कारण किडक्या दातातून गेलेला जंतू हृदयात घर करू शकतो. ठरलेल्या इकोला जा, मूल कितीही टुणटुणीत झालं तरी.

आशाताई, सिस्टर, सेविका, पुस्तिकेची पुढची पानं तुमच्यासाठी आहेत. ती वाचायला सवड मिळाली नाही तर निदान एवढं करा. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी, दीड महिन्याच्या बाळाला टोचण्याआधी, त्याचं झबलं वर करून एक मिनिट श्वास मोजा आणि ‘पिताना दमतं का गं?’ एवढं आईला विचारा. श्वास साठावर भरले किंवा ती हो म्हणाली, तर ‘पुढच्या डोसाला बघू’ म्हणू नका. त्याच आठवड्यात इकोसाठी पाठवा, आणि गेली की नाही ते फोन करून विचारा.